गाडीच्या छतातून टपकणारे पाणी नेमके शिरते कुठून?

आपल्या प्रश्नाचा आशय आधी माझ्या शब्दांत मांडतो, कारण उत्तर त्यातल्या बारीकसारीक तपशिलांवरच अवलंबून आहे. आपण वाकडला राहता आणि मोठ्या व्हॅनच्या चॅसीवर बांधलेली मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, गेल्या हिवाळ्यात सेकंडहँड घेतली. उन्हाळाभर कसलीही तक्रार नव्हती. जूनअखेरीस ताम्हिणी घाटातून कोकणात जाऊन आलात आणि परतताना मागच्या पलंगावरच्या एलईडी दिव्यातून पाणी टपकू लागले. जवळच्या मिस्त्रीने सोलर पॅनेलच्या पायांभोवती आणि छतावरच्या पंख्याभोवती सिलिकॉन भरले. त्यानंतर दोन-तीन सरी कोरड्या गेल्या आणि गळती पुन्हा सुरू झाली. आता एका ठेकेदाराने इमारतीच्या गच्चीवर लावतात तो वॉटरप्रूफिंगचा कोट संपूर्ण छतावर मारण्याचे सुचवले आहे. पाणी कुठून येते ते कसे शोधावे, कोट मारावा की नाही आणि गणपतीला याच गाडीने गावी जावे की नाही, असे आपले तीन प्रश्न आहेत.

आपल्या लिखाणाचा रोख 'कोणते सीलंट चांगले' याकडे आहे. ते महत्त्वाचे आहेच, पण ते नंतरचे काम आहे. भोसरीत आम्ही गाड्यांच्या बॉडीचे काम करतो आणि पावसाळ्यात गळकी छते घेऊन येणाऱ्या गाड्यांच्या छतावर बहुतेक वेळा तीन-चार प्रकारची सीलंट आधीच थापलेली असतात. तिथे माल कमी पडलेला नसतो, शोध कमी पडलेला असतो. जिथे दिसले तिथे भरले, अशा पद्धतीने एखादे भोक बुजते, पण पाणी शिरण्याची खरी जागा तशीच राहते आणि पुढच्या माणसाला ती शोधणे अधिक अवघड होते.

छत म्हणजे एकच पत्रा नसतो, हे आधी ध्यानात घ्यावे. वर पत्रा किंवा फायबरचे कवच, त्याखाली आडव्या लोखंडी पट्ट्यांची किंवा चौकोनी पाइपची फ्रेम, मधल्या कप्प्यांत इन्सुलेशन, त्यातून गेलेल्या वायरी आणि सर्वांत खाली प्लायवूड किंवा आतले पॅनेल अशी ही रचना असते. वरून शिरलेला थेंब सरळ खाली पडत नाही. तो पत्र्याच्या पोटाला चिकटून फ्रेमपर्यंत जातो, फ्रेमच्या कडेने उताराकडे सरकतो, वाटेत वायर भेटली की तिच्यावरून चालू लागतो आणि आतल्या पॅनेलला जिथे भोक असेल तिथे बाहेर येतो. आपल्या गाडीत ते भोक दिव्याचे आहे. त्यामुळे दिव्यातून पाणी पडते याचा अर्थ दिव्याच्या वर छत फुटले आहे असा होत नाही. पाणी दीड-दोन मीटर पुढून आलेले असू शकते आणि आडव्या फ्रेमवरून आले असेल तर डाव्या बाजूचे पाणी उजवीकडेही दिसू शकते.

शोध सुरू करण्यापूर्वी विजेची व्यवस्था करावी. टपकणारा दिवा बारा व्होल्टचा असला तरी छतातील त्याच मार्गातून एसीची २३० व्होल्टची वायर नेलेली असण्याची शक्यता असते. म्हणून बाहेरून जोडलेला वीजपुरवठा काढावा, इन्व्हर्टर बंद करावा आणि छतावरच्या दिव्यांचा फ्यूज काढून ठेवावा. सोलर पॅनेल दिवसा उजेडात स्वतःच वीज तयार करत असते, त्यामुळे त्याच्या वायरींना हात लावायचा असेल तर पॅनेलवर जाड कापड टाकून आणि आयसोलेटर, म्हणजे पॅनेलची वीज तोडणारा स्विच, बंद करूनच लावावा. गाडीतील २३० व्होल्टच्या जोडणीला आरसीसीबी (वीज भलतीकडे झिरपताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला नसेल, तर गळतीचे काम काहीही होवो, तो आधी बसवून घ्यावा.

दुसरी खात्री करायची ती ही, की हे पाणी पावसाचेच आहे का. आपल्या बाबतीत ते पावसाचे असण्याची शक्यता मोठी आहे, पण घाटातून येताना एसी चालू होता का, हे आपण लिहिलेले नाही. मोठ्या प्रवासी व्हॅनमध्ये एसीचे कूलिंग युनिट अनेकदा छतालगत असते आणि त्यात साचणारे पाणी बाजूच्या खांबातून नेलेल्या नळीने खाली सोडलेले असते. ती नळी निसटली किंवा धुळीने तुंबली की पाणी छताच्या आतच पसरते. छतावर बसवलेल्या एसीचेही तसेच आहे. त्याच्या तबकाची पाणी वाहून जाण्याची भोके कचऱ्याने बुजली, तर पाणी आतल्या जाळीतून उतरते. कोरड्या दिवशी गाडी किंचित उतारावर उभी करून तासभर एसी चालवला, की हा संशय निकाली निघतो. आणखी एक शक्यता आतल्या वाफेची. गाडीत स्वयंपाक करताना एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते; त्यात बंद गाडीत झोपलेल्या चार माणसांच्या श्वासातील ओलावा मिळवला, तर पावसाळी थंड रात्री पत्र्याच्या आतल्या बाजूला सकाळपर्यंत दव धरते. फरक ओळखण्याची खूण अशी की दवाची ओल एकाच जागी न राहता पसरलेली असते, उघड्या लोखंडी भागांवर जास्त असते आणि माणसे गाडीत न झोपलेल्या रात्री ती दिसत नाही.

इथून पुढचे बरेचसे आपल्या छताच्या प्रकारावर अवलंबून आहे. कंपनीतून आलेले मूळ पोलादी छत कायम ठेवून आत घर बांधलेले असेल, तर पत्रा सहसा सुरक्षित असतो आणि संशयित म्हणजे नंतर पाडलेली भोके व कडेच्या पन्हळीतील सांधा. छत फायबरचे अखंड साच्यातले असेल, तर कडेचा जोड आणि उन्हाने आलेल्या बारीक भेगा तपासाव्या लागतात. शेडमध्ये पाइपची फ्रेम उभारून तिच्यावर ॲल्युमिनियमचे किंवा जस्ती पत्रे रिव्हेट केले असतील, तर प्रत्येक रिव्हेट आणि पत्र्यावर पत्र्याचा प्रत्येक जोड हा संशयित असतो. आपल्याला प्रकार माहीत नसेल तर साधे लोहचुंबक छतावर फिरवावे. सगळीकडे चिकटले तर लोखंडी पत्रा. ठराविक अंतरावर हलके चिकटले तर खाली लोखंडी फ्रेम आणि वर दुसरे काही. छतावर चढताना मात्र फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकून काम करावे, कारण दोन पट्ट्यांमधल्या पत्र्यावर वजन देऊन उभे राहिले की तिथे खळगा पडतो आणि तो पुढे पाणी साठवतो.

गळती केव्हा होते याची नोंद हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी साधन आहे. पुण्यातला पाऊस पुष्कळदा रिपरिप पडणारा असतो. तो तासन्‌तास छत ओले ठेवतो, पण वारा बेताचा असतो. घाटमाथ्यावरचा पाऊस वाऱ्यासह आडवा झोडपतो. गाडी वाकडला नुसती उभी असतानाही गळत असेल, तर पाणी साचणारी जागा शोधावी. सपाट फ्लँज (वस्तूची छतावर टेकणारी कडा), खळगा, सोलर पॅनेलच्या पायाची मागची बाजू. केवळ घाटात, चालत्या गाडीत गळत असेल, तर समोरून वाऱ्याच्या दाबाने पाणी घुसणाऱ्या जागा पाहाव्यात. पुढच्या काचेची वरची कड, तिच्यावरचे मार्कर दिवे (गाडीची कड दाखवणारे छोटे दिवे) आणि पंख्याच्या झाकणाची पुढची बाजू. त्या वेळी छतावरचा पंखा हवा बाहेर फेकत होता का, हेही आठवावे. पंखा हवा बाहेर ओढतो तेव्हा आतला दाब किंचित कमी होतो आणि एरवी कोरडे राहणारे सुईएवढे छिद्रही पाणी आत ओढू लागते. उतारावर ब्रेक लावल्यावर धार पडली, तर पाणी आधीच छतात साठलेले होते असे समजावे. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही टपकत राहिले, तर इन्सुलेशन भिजलेले आहे. काचलोकरीचे इन्सुलेशन असेल तर ते पाणी धरून ठेवते आणि वरची गळती बंद झाल्यावरही काही दिवस थेंब पडतात, त्यामुळे नीट केलेली दुरुस्तीसुद्धा फसल्यासारखी वाटते. आपल्या मिस्त्रीच्या कामानंतर दोन-तीन सरी कोरड्या गेल्या याचे कारणही हेच असू शकते: पाणी शिरत होते, ते आत मुरत होते आणि कप्पा भरल्यावर बाहेर आले.

आता प्रत्यक्ष तपासणी. दिवा काढावा आणि त्या भोकातून मोबाइलचा कॅमेरा किंवा बोरोस्कोप (लवचिक नळीच्या टोकावरचा छोटा कॅमेरा) आत घालून सगळ्या दिशांना पाहावे. जमल्यास पलंगावरचे एक पॅनेल उतरवावेच. पॅनेल उतरवायला लोक कचरतात, पण त्याची मागची बाजू पाहिल्यावर अर्धा शोध संपतो. पाणी ज्या वाटेने आले त्या वाटेवर प्लायवर तपकिरी वळी उठलेली असतात, एकात एक.  लोखंडी पट्टीवर गंजाची बारीक रेघ दिसते, ती बोटाने मागे मागे धरत जावी. अलीकडेच आमच्याकडे आलेल्या एका गाडीत अशीच रेघ दिव्यापासून निघून सोलरच्या वायरीपर्यंत गेली होती. छतावर ती वायर ग्रंथीच्या, म्हणजे वायर आत नेण्यासाठी छताच्या भोकात बसवलेल्या रबर असलेल्या नळीच्या (केबल ग्लँड), तोंडाशी वरून खाली उतरत सरळ आत शिरली होती, त्यामुळे पॅनेलखालचे पाणी वायरीवरून वाहत थेट ग्रंथीच्या तोंडात जात होते. ग्रंथीच्या रबरात दोन वायरींमध्ये केसाएवढी फट होती. पॅनेलचे चारही पाय मात्र पूर्णपणे कोरडे होते, आणि त्यांच्याभोवतीच मूठ-मूठभर सिलिकॉन भरलेले होते.

डोळ्यांनी पाहून निर्णय झाला नाही, तर पाण्याची चाचणी घ्यावी. यात दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपाने पाणी मारणे. त्या दाबाला चांगले गास्केटही (सांध्यात दाबून बसवलेली रबराची किंवा स्पंजची पट्टी) पाणी सोडते आणि शोध चुकीच्या दिशेला जातो. बागेच्या नळीचे तोंड उघडे ठेवून हलकी धार सोडावी. दुसरी चूक म्हणजे वरून सुरुवात करणे. वरून सोडलेले पाणी खालचे सगळे सांधे भिजवते, मग गळले तरी कोणत्या सांध्यातून ते कळत नाही. सुरुवात नेहमी सर्वांत खालच्या संशयितापासून करावी: आधी खिडकीची वरची कड, मग मार्कर दिवे, मग पन्हळीचा सांधा, मागच्या शिडीचे बोल्ट आणि शेवटी छतावरच्या वस्तू एकेक करून. प्रत्येक जागी किमान दहा ते पंधरा मिनिटे धार ठेवावी आणि आत एका माणसाने विजेरी घेऊन बसावे. आतल्या फ्रेमवर आधीच खडूची पूड लावून ठेवली किंवा टिश्यू कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, तर पहिला थेंब कुठून आला ते चटकन उमटते. इन्सुलेशन आधीच भिजलेले असेल तर ही चाचणी फसवी ठरते, म्हणून तो भाग काढून किंवा वाळवून मगच ती घ्यावी.

भर पावसाळ्यात कोरडे छत मिळणे कठीण असते, तेव्हा आम्ही हवेची चाचणी अधिक पसंत करतो. गाडी शेडमध्ये घेऊन सगळ्या खिडक्या, दारे आणि झडपा बंद करायच्या, सिंकच्या नळ्यांची तोंडे बुजवायची, छतावरच्या पंख्याच्या जागी फळी बसवून तिच्यातून एका लहान ब्लोअरने आत हवा भरायची आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी ब्रशने लावत जायचे. जिथून हवा बाहेर येते तिथे बुडबुडे उठतात. हवा आतून बाहेर येत असल्यामुळे पाणी आत कुठे भटकले याचा प्रश्नच उरत नाही. शिरण्याची जागा स्वतःच दिसते. रिव्हेटच्या मधल्या पोकळीतून एकामागून एक बुडबुडा उठताना दिसतो, तेव्हा मालकाला काही समजावून सांगावे लागत नाही. दाब मात्र अगदी हलका ठेवावा, कारण फुगवण्यासाठी गाडीची बॉडी बनवलेली नसते आणि खिडक्यांची रबरे निसटू शकतात. घरच्या घरी करायचे असेल, तर गाडीचा स्वतःचा ब्लोअर बाहेरची हवा घेण्यावर ठेवून पूर्ण वेगाने चालवावा आणि सगळ्या काचा बंद ठेवाव्यात. तेवढ्यानेही काही वेळा काम होते. या चाचणीत पंख्याची जागा आपण ब्लोअरला दिलेली असते, त्यामुळे पंख्याच्या फ्लँजची तपासणी वेगळी करावी लागते.

आपण दिलेल्या माहितीवरून माझा पहिला संशय सोलरच्या वायरी आत जातात त्या जागेवर आहे, दुसरा पंख्याच्या फ्लँजवर आणि तिसरा छतावर एसी असेल तर त्याच्या गास्केटवर. छतावरच्या एसीचा भार मोठा असतो आणि त्याखालचे स्पंजसारखे गास्केट फक्त दाबामुळे पाणी अडवते. काही वर्षांत ते बसते, बोल्ट सैल पडतात आणि छत किंचित दबले असेल तर एसीभोवती तळे साचते. हे बोल्ट आतून, समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने आणि थोडे थोडे आवळावेत. एकच कोपरा करकचून आवळला तर गास्केट चिरडते आणि दुसरा कोपरा उचलला जातो. एसीभोवती बाहेरून सीलंट मात्र भरू नये, कारण एसीचे स्वतःचे पाणी तिथूनच छतावर उतरते आणि ती वाट बंद झाली की ते आत येते. मार्कर दिव्यांचेही असेच आहे. वरची आणि बाजूंची कड सील करावी, खालची उघडी ठेवावी, म्हणजे आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा राहते.

जागा सापडली की दुरुस्तीचे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत निर्णायक काम म्हणजे जुने सिलिकॉन काढणे. सिलिकॉनवर दुसरे कोणतेही सीलंट किंवा रंग धरत नाही, इतकेच काय नवे सिलिकॉनही जुन्यावर नीट बसत नाही. शिवाय लावताना व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन वाळताना आम्ल सोडते आणि उघड्या लोखंडाला व जस्ताला गंज लावते. प्लास्टिकच्या पात्याने ते खरवडून काढावे, उरलेला थर सिलिकॉन काढण्याच्या द्रावणाने मऊ करून पुसावा आणि शेवटी स्वच्छ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन जागा पुसावी. छतावर काळ्या रबराची ईपीडीएम चादर असेल, तर पेट्रोल, थिनर किंवा टर्पेंटाइन अजिबात वापरू नये, कारण त्याने रबर फुगते. जागा साफ झाली का हे पाहण्यासाठी पाण्याचे थेंब टाकावेत. ते मण्यांसारखे उभे राहिले, तर सिलिकॉन अजून शिल्लक आहे.

आता सीलंट. छताचा सांधा स्थिर नसतो, तो रोज हलतो. पुण्यात हिवाळ्याच्या पहाटे पत्रा साधारण १० अंशांवर असतो आणि मे महिन्यात दुपारी ६० अंशांच्या पुढे जातो. ५५ अंशांच्या या फरकाने सहा मीटर लांबीचे पोलाद सुमारे ४ मिलिमीटर लांबते आणि तेवढ्याच लांबीचे ॲल्युमिनियम साडेसात मिलिमीटर. पोलादी फ्रेमवर ॲल्युमिनियमचा पत्रा असेल, तर हा साडेतीन मिलिमीटरचा फरक रिव्हेटना आणि सांध्यांना सोसावा लागतो. तापलेल्या छतावर वळिवाची सर अचानक कोसळते तेव्हा हाच बदल काही मिनिटांत घडतो. म्हणूनच एम-सीलसारखी कडक होणारी इपॉक्सी लुकण, जी स्थिर नळाच्या जोडाला उत्तम आहे, ती छताच्या सांध्यात टिकत नाही, कडेने तडकते. इथे लवचिकच माल हवा.

छतावर बसवलेल्या वस्तूच्या पायाखाली आम्ही ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबराची पट्टी, वापरतो. ती दीर्घकाळ मऊ राहते, वाळण्याची वाट पाहावी लागत नाही आणि दाबाखाली पसरून फट भरते. पंख्याची फ्लँज किंवा पॅनेलचा पाय पूर्ण उचलून, खाली अखंड टेप ठेवून तो परत बसवावा. कडेने सीलंट फिरवून उचलण्याचे काम वाचवू नये. स्क्रू एकदम घट्ट करू नयेत. ब्यूटाइल हळूहळू सरकते, म्हणून प्रथम हलके आवळून काही तासांनी, शक्य तर दुसऱ्या दिवशी, पुन्हा आवळावेत आणि बाहेर आलेली टेप कापावी. त्यानंतर कडेवर आणि स्क्रूच्या डोक्यांवर लवचिक सीलंटचा उतरता गोलसर थर द्यावा, म्हणजे तिथे पाणी थांबत नाही. यासाठी पॉलियुरेथेन चांगले चिकटते, पण उघड्या उन्हात काही काळाने त्याचा पृष्ठभाग पांढुरका पडून भेगाळतो, म्हणून त्यावर रंग हवा. रंग द्यायचा नसेल तर एमएस पॉलिमर या प्रकारचे लवचिक सीलंट अधिक बरे. दोन्ही हवेतील ओलाव्याने वाळतात आणि साधारण २४ तासांत दोन-तीन मिलिमीटर जाडीपर्यंतच पक्के होतात, त्यामुळे जाड थर दिल्यास गाडी दोन दिवस तरी शेडमध्ये ठेवावी. नळकांड्यावरची मुदतीची तारीख पाहून घ्यावी. मुदत संपलेला माल पिचकारीतून निघतो, पण धरत नाही. पोकळ रिव्हेट गळत असेल तर त्याच्या भोकात सीलंट भरण्यापेक्षा तो ड्रिल करून काढावा आणि बंद तोंडाचा रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून बसवावा. सोलरच्या वायरीला ग्रंथीत शिरण्यापूर्वी खाली झोल द्यावा, म्हणजे थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतो. दोन वायरींसाठी दोन स्वतंत्र भोकांची ग्रंथी घ्यावी.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आले आहे, तरी स्पष्ट लिहितो: आत्ता कोट मारू नये. गच्चीसाठीचा कोट न हलणाऱ्या काँक्रीटसाठी बनवलेला असतो. चालत्या गाडीच्या सांध्यावर त्याची पातळ त्वचा ताणली जाते आणि नेमकी सांध्यावरच फाटते. सिलिकॉनवर तो बसणारच नाही. शिवाय आत अडकलेली ओल वरून बंद होते आणि पत्रा आतून गंजत राहतो, तोवर वरून छत मात्र पांढरेशुभ्र आणि निर्दोष दिसते. सर्वांत मोठे नुकसान म्हणजे सगळे स्क्रू, रिव्हेट आणि सांधे एका थराखाली गेल्यावर पुढची गळती शोधणे जवळजवळ अशक्य होते. कोटाला जागाच नाही असे मात्र मी म्हणणार नाही. सांधे दुरुस्त झाले, छत आतून कोरडे झाले आणि फायबरचा पृष्ठभाग उन्हाने खडूसारखा झालेला असेल, तर गाडीच्या छतासाठीच बनवलेला पांढरा लवचिक कोट दिल्याने छत कमी तापते आणि सांध्यांची हालचालही कमी होते. तो गळतीवरचा उपाय मात्र नव्हे.

पावसाळ्यात काय करावे आणि काय पुढे ढकलावे, याचाही विचार हवा. आत्ता शेडमध्ये गाडी घेऊन, जागा हीट गनने कोरडी करून, पाणी शिरण्याची सापडलेली जागा ब्यूटाइलने नीट बंद करता येते. ज्यांना शेड मिळत नाही त्यांची खरी अडचण होते, कारण सोसायटीच्या पार्किंगमध्ये या उंचीची गाडी शिरत नाही. अशा वेळी पावसाची उघडीप पाहून ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली रुंद ब्यूटाइल पट्टी रोलरने दाबून लावावी. ती कोरड्या, सिलिकॉनमुक्त पृष्ठभागावरच धरते आणि ती तात्पुरती आहे हे विसरू नये. ताडपत्री उभ्या गाडीवर चालेल, पण ती ताणून आणि उतार देऊन बांधावी. सैल ताडपत्री वाऱ्याने फडफडून रंग घासते आणि पोटात पाणी साठवते.

भिजलेली काचलोकर आत्ताच काढून टाकावी, ती वाळवण्याच्या भानगडीत पडू नये. उघड्या झालेल्या कप्प्यात हवा खेळती ठेवावी, पण जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा इतकी दमट असते की नुसत्या उघड्या खिडकीने लाकूड वाळत नाही; गाडी बंद करून डीह्युमिडिफायर किंवा एसी चालवावा. लाकडातील ओलावा मोजणारे दोन सुयांचे मीटर बाजारात सहज मिळते. २० टक्क्यांच्या वर वाचन असेल तर प्लाय कुजण्याचा धोका आहे. १५ च्या खाली स्थिरावले की बंद करायला हरकत नाही. फॉइल लावलेल्या इन्सुलेशनला सुया टेकल्या तर वाचन खोटे येते, तेवढे सांभाळावे. पेचकसाचे टोक प्लायमध्ये अलगद शिरत असेल, तर तो तुकडा बदलावाच लागेल, आणि ते काम ऑक्टोबरच्या उन्हात करावे, म्हणजे फ्रेम पूर्ण सुकवून, गंज घासून, इपॉक्सी प्रायमर देऊन मगच वर प्लाय चढवता येते. नवा प्लाय आयएस ७१० मरीन दर्जाचा घ्यावा, त्याच्या कापलेल्या कडा आणि प्रत्येक भोक आतून सील करावे आणि इन्सुलेशन पाणी न शोषणारे, म्हणजे एक्सपीएस किंवा नायट्राइल फोमचे घ्यावे.

राहिला गणपतीचा प्रवास. शोध आधी पूर्ण होऊन सोलरची ग्रंथी किंवा जे काही सापडेल ते ब्यूटाइलने बंद झाले असेल, पलंगावरचे पॅनेल उघडे ठेवून वाकडच्याच दोन-तीन दिवसांच्या पावसात कप्पा कोरडा राहिला असेल आणि त्या भागातून २३० व्होल्टची वायर जात नसल्याची वायरमनने खात्री केली असेल, तर माझ्या मते अवश्य जावे. पॅनेल उघडेच ठेवावे, छतावरच्या दिव्यांचा फ्यूज काढलेलाच राहू द्यावा आणि चालत्या गाडीत छताचा पंखा हवा बाहेर फेकण्यावर ठेवू नये. ताम्हिणी उतरून माणगावला चहासाठी थांबाल, तेव्हा उघड्या कप्प्यात विजेरी मारून फ्रेमवरून हात फिरवावा. हात ओला लागला, तर मागचा पलंग रिकामा ठेवून पुढे जावे आणि परत आल्यावर ओल नेमकी कोणत्या पट्टीवर होती तेवढे, छताच्या फोटोसह, इथे कळवावे. पुढचे मी सांगेन.